'ई' निगेटिव्ह आले म्हणजे आजार गेला असे नव्हे

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपल्या वस्त्यावस्त्यांतून रक्तदान शिबिरे भरतात. तरुण मुले उत्साहाने रक्त देतात. त्यानंतर काही दिवसांनी एखाद्याला रक्तपेढीकडून निरोप येतो की, तुमच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' आढळला आहे, मोठ्या रुग्णालयात दाखवा. असाच निरोप कोणाला नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत मिळतो, कोणाला आखाती देशात जाण्यापूर्वी, तर कोणा भगिनीला बाळंतपणासाठी नाव नोंदवताना. ज्याला निरोप येतो त्याला बहुधा काहीही होत नसते. तो कामावर जातो, जेवतो, झोपतो. मग काही घरांत रडारड सुरू होते, तर काही घरांत 'आपल्याला कुठे काय होते आहे' म्हणून तो कागद पेटीच्या तळाशी जातो. हे दोन्ही चूक आहे.

वस्तीत काम करताना असे कागद घेऊन लोक आमच्याकडे येतात. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारी माणसे आहोत. परंतु लोकांबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून आणि डॉक्टरमंडळींना पुन्हा पुन्हा विचारून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सर्वांत मोठा घोटाळा रिपोर्टवरील एका ओळीने होतो. ती ओळ अशी : 'एच.बी.ई.ए.जी. - निगेटिव्ह'. निगेटिव्ह हा शब्द वाचला की घरात आनंद होतो आणि रुग्णालयाची वाट बंद होते. या एका ओळीचा खरा अर्थ प्रत्येक घराला कळावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

ही कोणती कावीळ?

आपल्याकडे कावीळ म्हटले की सगळ्या काविळी एकच समजल्या जातात. तसे नाही. दूषित पाण्यातून व अन्नातून होणारी कावीळ 'ए' आणि 'ई' या विषाणूंची. ती सहसा काही आठवड्यांत बरी होते. (या 'ई' विषाणूचा आणि वर सांगितलेल्या 'ई' ओळीचा काही संबंध नाही. नावाचे साम्य तेवढे आहे.) लोक जिला 'पांढरी कावीळ' म्हणतात ती बहुतेक वेळा 'बी' विषाणूची असते. ती पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून, न्हाव्याच्या एकाच वस्तऱ्यातून, गोंदणाच्या सुईतून ती पसरते. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरू शकतो.

हा विषाणू प्रथम अमेरिकेतील शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांच्या हाती लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ साली त्यांनी ते जगापुढे मांडले आणि त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव पडले. जुन्या रिपोर्टांवर अजूनही हे नाव दिसते. तेच आजचे 'एच.बी.एस.ए.जी.'. या कामासाठी ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

रक्तात 'एच.बी.एस.ए.जी.' सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकून राहिले, तर आजार जुनाट झाला असे डॉक्टर म्हणतात. येथे वयाला फार महत्त्व आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरांत पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर विषाणूला आपण होऊन हुसकावून लावते. नवजात बाळाला लागण झाली तर शंभरांतील नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख आपल्या देशात होते.

गिरणीचा भोंगा

आता 'ई' ची गोष्ट. यकृतात, म्हणजे बकऱ्याच्या बाबतीत आपण ज्याला कलेजी म्हणतो त्या अवयवात, हा विषाणू आपल्या प्रती काढत राहतो. प्रती काढताना तो एक जादा प्रथिन रक्तात सोडतो. त्याचे नाव 'ई' अँटिजेन. रक्तात 'ई' सापडले की समजावे, यकृतात विषाणूंचे उत्पादन जोरात चालू आहे.

गिरणगावातल्या जुन्या मंडळींना भोंगा आठवत असेल. भोंगा वाजला की गिरणी चालू आहे हे सगळ्या चाळींना कळे. 'ई' अँटिजेन हा तसा भोंगा आहे. पुष्कळ रुग्णांत काही वर्षांनी शरीर विषाणूवर मात करते, उत्पादन मंदावते आणि भोंगा थांबतो. ही चांगली गोष्ट. परंतु काही रुग्णांत निराळेच घडते. विषाणू स्वतःत एक छोटासा बदल करून घेतो. त्या बदलामुळे त्याला 'ई' बनवता येत नाही, पण प्रती काढणे मात्र चालूच राहते. म्हणजे भोंगा बिघडला, गिरणी चालू आहे.

१९८० नंतरच्या दशकात इटली व ग्रीस या देशांतील डॉक्टरांना असे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. 'ई' नाही, तरी यकृत सुजलेले आणि रक्तात विषाणू भरपूर. १९८९ मध्ये विषाणूतील तो नेमका बदल शास्त्रज्ञांनी शोधून काढला. विषाणूच्या निरनिराळ्या जाती आहेत, त्यांपैकी 'डी' जातीत हा बदल अधिक आढळतो. आपल्या देशात 'डी' आणि 'ए' याच जाती मुख्यतः आहेत. म्हणूनच ही इटली-ग्रीसची गोष्ट आपल्याही घरची आहे.

एक आजार, दोन चेहरे

जुनाट हिपॅटायटिस बी चे त्यामुळे दोन मुख्य प्रकार मानले जातात. एक 'ई' पॉझिटिव्ह, दुसरा 'ई' निगेटिव्ह.

'ई' पॉझिटिव्ह रुग्ण सहसा वयाने लहान असतो. त्याच्या रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असते, कित्येकदा एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी. तरीही ज्यांना जन्मतः लागण झाली त्यांच्यात पहिली अनेक वर्षे शांततेची जातात. शरीर विषाणूला परका मानतच नाही, त्यामुळे भांडण नाही आणि नासधूसही फारशी नाही. एस.जी.पी.टी. नावाची यकृताची तपासणी सरळ येते. पुढे केव्हातरी शरीराला जाग येते. ते विषाणू असलेल्या पेशींवर तुटून पडते, एस.जी.पी.टी. चढते आणि यकृताला सूज येते. हे भांडण लवकर मिटले तर ठीक. वर्षानुवर्षे चालले तर यकृतावर व्रण पडत जातात.

'ई' निगेटिव्ह रुग्ण सहसा वयाने मोठा, संसारी असतो. विषाणूची संख्या पहिल्या प्रकारापेक्षा कमी असते, पण स्थिर नसते. एस.जी.पी.टी. सुद्धा झोक्यासारखे वरखाली होते. या महिन्यात दीडशे, तीन महिन्यांनी तीस, पुन्हा शंभर. ज्या दिवशी तीस आले त्याच दिवशी रक्त तपासले, तर माणूस ठणठणीत वाटतो. हा प्रकार आपण होऊन शांत होण्याचे प्रमाण कमी आहे. रुग्ण डॉक्टरांसमोर पहिल्यांदा येतो तेव्हाच त्याचे यकृत बरेच खराब झालेले असण्याची शक्यता या प्रकारात अधिक असते. कारण उघड आहे. आजार त्याच्या शरीरात जास्त वर्षे राहिलेला असतो.

यात एक तिसरी पंगतही आहे. 'ई' निगेटिव्ह, विषाणू अगदी कमी, एस.जी.पी.टी. कायम सरळ. अशांचा आजार निद्रिस्त असतो आणि बहुतेकांना औषध लागत नाही. अडचण अशी की, निद्रिस्त रुग्ण आणि दुसऱ्या प्रकारचा रुग्ण यांचा एका दिवसाचा रिपोर्ट सारखाच दिसू शकतो. आम्ही कॉमर्स शिकलेले. एका दिवसाची गल्ल्यातली शिल्लक पाहून दुकान नफ्यात आहे की तोट्यात, हे कोणी सांगत नाही, त्याला वर्षाची खतावणी पाहावी लागते. येथेही तसेच आहे. म्हणून पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी एस.जी.पी.टी. आणि अधूनमधून विषाणूची संख्या, म्हणजे 'एच.बी.व्ही. डी.एन.ए.', तपासावी लागते. त्यानंतरच कोण निद्रिस्त आणि कोण जागा, ते ठरते.

सुईने काढलेला तुकडा काय सांगतो?

कधीकधी डॉक्टर यकृताचा तुकडा तपासायला सांगतात. त्याला बायोप्सी म्हणतात. हे नाव ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. 'तुकडा काढला की कॅन्सर होतो' अशी एक समजूत आहे, ती साफ खोटी आहे. उजव्या बाजूला दोन फासळ्यांच्या मध्ये जागा बधिर करून सुई घालतात आणि दोऱ्याएवढा बारीक, दोनेक सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढतात. नंतर काही तास पडून राहावे लागते. रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात.

तो तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी पाहतात. आग किती आहे आणि व्रण किती आहेत. आग म्हणजे सूज. रक्तातील पांढऱ्या पेशी यकृतात शिरून तिथल्या पेशी मारत असतात. व्रण म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागी तयार झालेले चिवट धागे. हे धागे एकमेकांना जोडले जाऊन यकृताचे गाठी-गाठींचे निबर गोळे झाले की त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. हिपॅटायटिस बी मध्ये आणखी एक खूण दिसते. काही पेशींचा आतला भाग दुधी काचेसारखा धुरकट दिसतो, कारण त्यात विषाणूचे प्रथिन साचलेले असते.

१९६८ साली तज्ज्ञांनी या आजाराची 'पर्सिस्टंट' म्हणजे सौम्य आणि 'ॲक्टिव्ह' म्हणजे जोरदार अशी वाटणी केली होती. पुढे दिसले की, आजचा सौम्य उद्याचा जोरदार होऊ शकतो. म्हणून १९९४ पासून ती नावे मागे पडली. आता आजाराचे कारण, आगीची प्रत आणि व्रणांची पायरी अशा तीन गोष्टी लिहितात. व्रणांची पायरी मोजण्याची एक पद्धत शून्य ते चार अशी आहे, दुसरी शून्य ते सहा. म्हणून रिपोर्टवर 'तीन' लिहिले असेल, तर 'कितीपैकी तीन?' हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आता दोन्ही प्रकारांची तुलना करू. शांततेच्या काळातील 'ई' पॉझिटिव्ह तरुणाचा तुकडा जवळजवळ निरोगी दिसतो. विशेष रंग देऊन पाहिले तर पुष्कळ पेशींच्या केंद्रात विषाणूचा गाभा आढळतो, आग मात्र नाममात्र असते. म्हणजे विषाणू उदंड आणि नुकसान थोडे. तोच रुग्ण भांडणाच्या काळात आला तर आग भडकलेली दिसते. 'ई' निगेटिव्ह रुग्णाच्या तुकड्यात विषाणूचा गाभा कमी पेशींत सापडतो, पण व्रण पुढच्या पायरीवर गेलेले असण्याची शक्यता जास्त. म्हणजे विषाणू थोडा आणि नुकसान मोठे. अर्थात हा सरासरीचा हिशेब झाला. एकट्या रुग्णाचा नुसता तुकडा पाहून तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पक्के सांगता येत नाही. कारण आग आणि व्रण दोन्हींकडे सारखेच दिसतात. रक्त आणि यकृत दोहोंची साक्ष एकत्र वाचावी लागते.

आज प्रत्येकाला बायोप्सीची गरज पडत नाही. यकृत किती कडक झाले आहे हे बाहेरून मोजणारे 'फायब्रोस्कॅन' नावाचे यंत्र आले आहे. एस.जी.ओ.टी. आणि प्लेटलेट या साध्या तपासण्यांच्या आकड्यांवरूनही डॉक्टरांना व्रणांचा अंदाज बांधता येतो.

दुखत नाही म्हणून फसू नका

यकृत सोशीक आहे. बरेचसे निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. अभिनेते अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे की, १९८२ साली 'कुली' चित्रपटाच्या अपघातानंतर त्यांना जे रक्त द्यावे लागले, त्यातून हिपॅटायटिस बी चा विषाणू त्यांच्या शरीरात आला. अनेक वर्षांनी तपासणीत ते कळले, तेव्हा यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. ज्यांच्या दाराशी डॉक्टर उभे असत त्यांना कळले नाही, तर दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणाऱ्याला आपोआप कसे कळणार?

पायाला सूज, पोटात पाणी, रक्ताची उलटी ही लक्षणे शेवटच्या पायरीची आहेत. त्यांची वाट पाहू नये. शिवाय हिपॅटायटिस बी मध्ये सिऱ्हॉसिस नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

आणखी एक सांगायचे. पुष्कळ प्रयोगशाळा एस.जी.पी.टी. चाळीसच्या पुढेमागे असले तरी 'नॉर्मल' छापतात. जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बी साठी सुचविलेली मर्यादा पुरुषांना ३० आणि स्त्रियांना १९ अशी आहे. रिपोर्टवर तारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये, आकडा डॉक्टरांना दाखवावा.

माळ, मंत्र आणि गोळी

गळ्यात काविळीची माळ घालणे, नाकात थेंब टाकणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरली' म्हणून पिवळे पाणी दाखवणे, हे प्रकार अजून चालतात. पिवळे पाणी हा हातावर आधी लावलेल्या सालीच्या रसाचा आणि चुन्याचा खेळ आहे. नवी कावीळ बहुतेक मोठ्या माणसांत आपण होऊन बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी विषाणू गेला की नाही, हे माळ सांगत नाही. सहा महिन्यांनी रक्ताची तपासणीच ते सांगते.

औषध आहे. टेनोफोविर किंवा एंटेकाविर यांची दिवसाला एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, आग शांत करते आणि कित्येकांत जुने व्रणही कमी होतात. विषाणू मुळासकट जाणे मात्र विरळा, म्हणून गोळी बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते, 'ई' निगेटिव्ह प्रकारात तर विशेषच. बरे वाटले म्हणून मनाने बंद केली तर आजार उसळून येतो आणि ते जिवावरही बेतू शकते. कोणाला औषध द्यायचे याच्या अटी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये सैल केल्या आहेत. त्यामुळे पूर्वी 'सध्या गरज नाही' असे ऐकून परत आलेल्यांनी पुन्हा एकदा दाखवून यावे.

खर्चाचे म्हणाल, तर केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या कार्यक्रमाच्या नावाने चौकशी करावी. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. वर सांगितलेली खतावणी तीच.

ताट वेगळे करू नका

हा आजार एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने, हात मिळवल्याने, मूल मांडीवर घेतल्याने होत नाही. तरीही आम्ही अशी घरे पाहिली आहेत, की जिथे सुनेचा पेला वेगळा ठेवला गेला. एका तरुणाला रिपोर्ट पाहताच कामावरून घरी बसवले गेले. वेगळ्या पेल्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. निदान आपल्या घरात तो परत येऊ देऊ नये. वेगळे ठेवायचे ते फक्त ब्लेड, दाताचा ब्रश आणि नेलकटर.

करायचे ते असे. घरातील सर्वांची 'एच.बी.एस.ए.जी.' तपासणी करून घ्यावी. ज्यांना लागण नाही त्यांनी लस टोचून घ्यावी. मोठ्यांना तीन डोस लागतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. रुग्णालयात सफाईचे, आयाचे, वॉर्डबॉयचे काम करणारे आपले पुष्कळ बंधू-भगिनी आहेत. कचऱ्यातील सुई त्यांच्या हाताला टोचते. ज्या रुग्णाच्या रक्तात 'ई' आहे त्याची सुई अधिक धोक्याची, पण कोणती सुई कोणाची हे कचऱ्यात कळत नाही. म्हणून या कामगारांना लस मिळालीच पाहिजे आणि त्यासाठी संघटनेने लेखी मागणी करावी.

गरोदर भगिनींनी पहिल्याच महिन्यांत तपासणी करावी. आई 'ई' पॉझिटिव्ह असेल आणि काहीच काळजी घेतली नाही, तर शंभरांतील सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते. विषाणू फार असेल तर डॉक्टर आईला गरोदरपणातच गोळी सुरू करतात. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लशीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन मिळाले पाहिजे. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. अशी आई बाळाला अंगावर पाजू शकते.

आता पेटीच्या तळाशी गेलेला तो कागद बाहेर काढावा. त्यावर 'एच.बी.एस.ए.जी. पॉझिटिव्ह' असेल, तर खाली 'ई' पुढे काहीही लिहिलेले असो, तीन प्रश्न घेऊन रुग्णालयात जावे : माझ्या रक्तात विषाणू किती आहे? माझे एस.जी.पी.टी. वर्षभरात कसे चालले आहे? माझ्या यकृतावर व्रण कितव्या पायरीचे आहेत? ही तीन उत्तरे हातात आल्याशिवाय 'मी बरा झालो' असे कोणी म्हणू नये आणि कोणाला म्हणू देऊ नये.